‘नाही’ आणि ‘दिसत नाही’

परभणी-जिंतूर रस्त्यावरचे झरी हे परभणी तालुक्यातील मोठे गाव आणि महसूल मंडळाचे ठिकाण. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल किंवा उत्पन्नाचा दाखला काढायला अशा गावातल्या सेवा केंद्रावर येतो, तेव्हा संगणकापुढे बसलेल्या मुलाकडून त्याला तीन वाक्यांपैकी एखादे ऐकावे लागू शकते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे पहिले. ‘गोल फिरतंय, थांबा जरा’ हे दुसरे. आणि तिसरे, ‘नोंद आढळली नाही’. पहिली दोन ऐकून माणूस वैतागतो, तंबाखू मळत बाहेर बसतो, उद्या परत येतो. तिसरे ऐकून मात्र तो घरी जातो आणि बऱ्याचदा परत येत नाही, कारण कागदच नाही म्हटल्यावर मागायचे काय? माझे म्हणणे या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे. तीनही वाक्यांच्या मागे अनेकदा एकच बिघाड असतो. फाइल जागच्या जागी सुरक्षित असते, सर्व्हरही चालू असतो, पण सर्व्हरवरचे ॲप्लिकेशन त्या फाइलपर्यंत पोहोचू शकत नाही. अशा वेळी यंत्राला खरे तर ‘मला दिसत नाही’ एवढेच म्हणण्याचा अधिकार आहे. ते ‘नाही’ म्हणते. या दोन शब्दांमधले अंतर आपल्या सरकारी संगणकीकरणात कुणी गांभीर्याने मोजलेले नाही, आणि ते मोजल्याशिवाय संगणकीकरण पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

बिघाड कसा होतो हे समजायला जुना अभिलेख कक्ष डोळ्यांसमोर आणावा. तहसीलच्या खिडकीत नकलेचा अर्ज घेणारा कारकून एका खोलीत असे आणि बस्ते, रुमाल ज्या मांडण्यांवर रचलेले ती खोली वेगळी असे, कधी आवाराच्या दुसऱ्या टोकाला. कारकून स्वतः बस्ता सोडत नसे. तो चिठ्ठी देई, शिपाई ती घेऊन जाई, अभिलेखपाल चिठ्ठीवरची सही ओळखी आणि मग बस्ता बाहेर निघे. आजच्या मोठ्या संगणक व्यवस्थेची रचना जवळजवळ हीच आहे. अर्ज घेणारे ॲप्लिकेशन एका यंत्रावर चालते. स्कॅन केलेली लाखो पाने दुसऱ्याच यंत्रावर, ज्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात तिथे, ठेवलेली असतात. ते दूरचे फोल्डर आपल्याच यंत्रावर असल्यासारखे जोडून घेण्याला तंत्रज्ञ ‘माउंट करणे’ म्हणतात. ही सोय सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८४ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ म्हणजे ‘एनएफएस’ या नावाने आणली. विंडोजच्या जगात तेच काम ‘एसएमबी’ करते, त्याचा उगम त्याच सुमाराचा, आयबीएममधला. दोन्हींचे आकर्षण एकच होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फाइल कुठे आहे याचा विचारच करू नये, ती हाताशी आहे असे समजून चालावे.

त्या आकर्षणातच दोष दडलेला होता, आणि तो दाखवून देणारेही त्याच कंपनीतले निघाले. १९९४ साली सनच्याच प्रयोगशाळेतील जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक टिपण लिहिले. दूरची वस्तू जवळची मानून केलेली मांडणी मुळातच फसवी असते, कारण जवळची वस्तू एकतर असते किंवा नसते, पण दूरच्या वस्तूच्या बाबतीत ‘कळत नाही’ ही तिसरी अवस्था असते, असा त्यांचा मुद्दा होता. उदाहरण म्हणून त्यांनी एनएफएसच घेतले. एनएफएसने स्टोरेज जोडण्याचे दोन प्रकार असतात, कठोर आणि सौम्य. कठोर जोडणीत दूरचे स्टोरेज उत्तर देईनासे झाले की ॲप्लिकेशन त्याची वाट पाहत थांबून राहते, तासन् तास. सेवा केंद्राच्या पडद्यावर गोल फिरत राहते त्यामागे अनेक कारणे असू शकतात, त्यांतले हे एक. सौम्य जोडणीत ठरावीक वेळाने यंत्र हात टेकते आणि चूक कळवते, पण लिहिणे अर्धवट झाले असेल तर फाइल खराब होण्याची भीती राहते. दोन्हींपैकी एकही पर्याय निर्दोष नाही. त्याआधी १९८७ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने वितरित प्रणालीचे वर्णनच असे केले होते, की जिथे आपल्याला ठाऊकही नसलेले एखादे यंत्र बंद पडते आणि आपले यंत्र निकामी होते, ती वितरित प्रणाली. झरीच्या केंद्रावरच्या मुलाला ज्याचे नाव, गाव, खोली काहीच माहीत नाही अशा यंत्राचा जाब गिऱ्हाईक त्याच्याकडे मागते, ते याच अर्थाने.

आता ओळखीचा प्रश्न. फाइलपर्यंत पोहोचता न येण्याची सगळ्यांत मोठी कारणे तारेत किंवा डिस्कमध्ये नसून ओळखीत असतात, असे या विषयाच्या कोणत्याही अनुभवी माणसाचे मत पडेल. एनएफएसची जुनी आणि अजूनही सर्रास वापरात असलेली पद्धत माणसाचे नाव पाहत नाही, क्रमांक पाहते. ॲप्लिकेशन ज्या खात्याने चालते त्याचा क्रमांक या यंत्रावर १००१ असेल, तर स्टोरेजवर १००१ म्हणजे जो कुणी असेल तो, असे ती धरते. गावाचे नाव न लिहिता नुसते ‘गट नंबर ४५’ म्हणण्यासारखे हे आहे. झरीत गट ४५ एकाचा, शेजारच्या शिवारात दुसऱ्याचा. जुने यंत्र काढून नवे बसवले, खाती नव्याने तयार केली, आणि क्रमांक एकाने सरकला, की काल उघडणारी पाने आज उघडत नाहीत. जुन्या सर्व्हे नंबरचे एकत्रीकरणात गट झाले तेव्हा ज्या घोळाने अनेक घरे कोर्टात गेली, त्याच जातीचा हा घोळ आहे. क्रमांक तोच, अर्थ बदललेला.

त्याहून चकवा देणारी गोष्ट सर्वोच्च अधिकाराची. लिनक्स यंत्रावर ‘रूट’ नावाचे खाते सर्वाधिकारी असते. पण एनएफएसमधून दूरच्या स्टोरेजवर गेले की त्याच रूटला मुद्दाम ‘नोबडी’ म्हणजे कुणीच नाही असे समजले जाते. ही नेहमीची पूर्वनिश्चित व्यवस्था आहे आणि ती योग्यही आहे, कारण एका यंत्राचा मालक दुसऱ्या यंत्राचा मालक नसतो. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला, त्या दिवसापासून परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांची सही हिंगोलीत चालेनाशी झाली. सही तीच, माणूस तोच, हद्द बदलली. यंत्रांनाही हद्द असते हे विसरलेला इंजिनिअर ‘मी तर रूट आहे, मला परवानगी कशी नाकारली’ म्हणून दिवस दिवस अडून राहतो.

विंडोजवर याच दुखण्याचे रूप वेगळे दिसते. इंजिनिअर सर्व्हरवर लॉगिन होतो, दूरच्या फोल्डरला ‘झेड’ हे ड्राइव्हचे अक्षर देतो, फाइल उघडून पाहतो. ती उघडते. मग ॲप्लिकेशनला सांगतो की फाइली झेडमध्ये आहेत, आणि ॲप्लिकेशनला झेड सापडतच नाही. कारण ड्राइव्हचे अक्षर यंत्राचे नसते, लॉगिन झालेल्या माणसाच्या बैठकीचे असते. ॲप्लिकेशन सेवा म्हणून पाठीमागे चालते, स्वतःच्या वेगळ्या खात्याने. त्या खात्याच्या जगात झेड कधी जन्मलाच नाही. उपाय सोपा आहे. अक्षर सोडून स्टोरेजचा पूर्ण पत्ता द्यायचा, आणि सेवेच्या खात्याला त्या फोल्डरवर वाचण्याची परवानगी द्यायची. सोपे नाही ते हे ओळखणे. ‘माझ्याकडे तर उघडतंय’ हे वाक्य तंत्रज्ञाच्या तोंडी येते तेव्हा त्याने आपल्या ओळखीने दार वाजवलेले असते, ॲप्लिकेशनच्या ओळखीने नाही. म्हणून या कामात पहिला नियम असा की ज्या खात्याने ॲप्लिकेशन चालते त्याच खात्याने, त्याच यंत्रावरून, तीच फाइल वाचून पाहावी. या एका चाचणीने शंका निम्म्याने कमी होतात.

इथवरचे सगळे इंजिनिअरचे दुखणे झाले. नागरिकाचे दुखणे पुढे सुरू होते, आणि माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. फाइल उघडता आली नाही तर लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, ॲप्लिकेशनला क्रमांकाने कारण सांगतो. फाइल नसेल तर २. परवानगी नसेल तर १३. दूरचे फोल्डर हलवले गेले आणि ॲप्लिकेशनच्या हातातली त्याची पावती जुनी झाली असेल तर ११६. म्हणजे यंत्राच्या तळाशी ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतला फरक अगदी स्वच्छ नोंदलेला असतो. तो हरवतो वर येताना. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ‘ही फाइल आहे का’ असे विचारण्याची एक तयार सोय असते आणि तिचे उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधील अशी सोय परवानगी नसली तरी ‘नाही’ असेच उत्तर देते, फाइल तिथे असली तरीही. हे कंपनीने स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे. पायथनमधली तशीच सोयही तपासणीची परवानगी न मिळाल्यास ‘नाही’ म्हणू शकते, आणि तेही तिच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. घाईत असलेला प्रोग्रामर ती सोय वापरतो, उत्तर ‘नाही’ आले की पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे मराठीत छापतो. तळाशी १३ असलेला आकडा वर येईपर्यंत माणसाच्या हक्कावर फुली झालेला असतो. यात कुणाची दुष्ट बुद्धी नाही. झारीतले शुक्राचार्य आपण म्हणतो तेव्हा तोटीत मुद्दाम बसलेला कुणीतरी असतो. इथे झारी भरलेली आहे, ओतणारा हातही आहे, आणि तोटी बंद असल्याचे ओतणाऱ्यालाच कळलेले नाही.

आणखी एक प्रकार याहून वाईट आहे, कारण त्यात तळाचा आकडाही फसवतो. लिनक्सवर दूरचे स्टोरेज जिथे जोडतात ते ठिकाण म्हणजे एक साधे, रिकामे फोल्डर असते. वीज गेली, यंत्रे परत चालू झाली, आणि स्टोरेज जागे होण्याआधी ॲप्लिकेशन जागे झाले, तर जोडणी होत नाही आणि ॲप्लिकेशनला ते रिकामे फोल्डर दिसते. ते आत पाहते, फाइल नसते, गाभा प्रामाणिकपणे २ हा आकडा देतो. आता ॲप्लिकेशनच्या लेखी कोणतीही चूक झालेलीच नसते. सगळे हिरवे दिवे लागलेले आणि सगळ्या गावांच्या सगळ्या नोंदी ‘आढळल्या नाहीत’. एवढ्यावर थांबत नाही. त्या काळात जी नवी पाने चढवली जातात ती त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनच्याच यंत्रावर, जाऊन पडतात. तासाभराने कुणीतरी स्टोरेज जोडतो, ते त्या फोल्डरवर पांघरूण घातल्यासारखे बसते, जुनी पाने परत दिसू लागतात आणि मधल्या तासाभरातली नवी पाने पांघरुणाखाली गडप होतात. ती नष्ट झालेली नसतात, कुणालाच दिसत नसतात इतकेच. यावरचे उपाय महागडे नाहीत. जोडणी झाल्याशिवाय ॲप्लिकेशनने सुरूच होऊ नये अशी अट घालता येते. स्टोरेजच्या मुळाशी एक छोटी खूण-फाइल ठेवून, ती वाचता आली तरच ‘नोंद नाही’ असे म्हणण्याची मुभा ॲप्लिकेशनला देता येते. काही ओळींचे काम आहे, आणि ज्या व्यवस्थेवर लोकांचे कागद आहेत तिथे ते नसणे मला अक्षम्य वाटते.

मराठवाड्यात हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो हे वेगळे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथले जुने दप्तर उर्दूत आहे, मोडीत आहे. हैदराबाद राज्याच्या काळातले १९५४-५५चे खासरा पत्रक आजही जमिनीच्या वादात पुरावा म्हणून पुढे येते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन महसुली, शैक्षणिक दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत बस्ते सोडले गेले, पाने स्कॅन झाली आणि संकेतस्थळांवर ठेवली गेली. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द ज्या पानावर आहे त्या पानाची स्कॅन प्रत म्हणजे त्या घरासाठी शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचा, नोकरीच्या अर्जाचा आधार. अशा शोधात ‘पान आढळले नाही’ आणि ‘पान आत्ता उघडता येत नाही’ ही दोन उत्तरे सारखी मानणे म्हणजे तिजोरीची किल्ली हरवली म्हणून तिजोरीत पैसेच नव्हते असा निकाल देणे होय. मराठा आरक्षणाच्या वादात कुणी कोणत्याही बाजूला असो, पुरावा दिसण्या-न दिसण्याचा निर्णय परवानगीच्या एका आकड्यावर सोडावा, असे कोणतीही बाजू म्हणणार नाही.

मराठी नावांची एक अडचण इथेच नोंदवतो, कारण ती आपल्याशिवाय कुणी नोंदवणार नाही. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसह, युनिकोडच्या सर्वाधिक वापरातल्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हे. विंडोजवर तीच मर्यादा २५५ चिन्हांची. म्हणून विंडोजच्या यंत्रावर कुणी जिल्हा, तालुका, गाव, फेरफार क्रमांक आणि वर्ष असे लांबलचक मराठी नाव दिलेली फाइल लिनक्सच्या स्टोरेजवर चढतच नाही. दुसरी गोष्ट ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची. यातला अर्धा ‘ऱ’ संगणकावर दोन रीतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’चा स्वतंत्र संकेत वापरतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही नावे एकसारखी. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे. एकाने एका रीतीने ठेवलेली फाइल दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने मागितली की उत्तर येते, आढळली नाही. ‘शेतकऱ्या’चे नाव घातल्याशिवाय महसूल खात्याची एकही यादी पुरी होत नाही, आणि त्याच शब्दावर फाइल अडते. फाइलीला क्रमांकाचे नाव द्यावे आणि मराठी शीर्षक डेटाबेसमध्ये ठेवावे, हा त्यावरचा सरळ मार्ग आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अनुभवातून येईल. अहो, एवढे खोलात कशाला, आपल्याकडे सर्व्हर खरोखरच गर्दीने बसतो. आक्षेपात तथ्य आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झाली तेव्हापासून हंगामातल्या थोड्या आठवड्यांत लाखो शेतकरी एकाच वेळी एकाच दारावर येतात. पीककर्ज, पीकविमा यांच्या मुदतीही त्याच काळात. तेवढा भार यंत्राने पेलला नाही तर दोष क्षमतेचा आहे, परवानगीचा नाही. पण म्हणूनच निदान महत्त्वाचे ठरते, कारण दोन्ही दुखण्यांची लक्षणे वेगळी आहेत आणि ती केंद्रावर बसूनही ओळखू येतात. गर्दीचा बिघाड चढतो आणि उतरतो. दिवसा अडलेले काम रात्री अकराला होते. परवानगीचा बिघाड रात्री अकरालाही तसाच उभा असतो. एकाच गावाची पाने उघडत नाहीत आणि बाकी सगळी उघडतात, तर त्या फोल्डरचा मार्ग, नाव किंवा अधिकार तपासावा. कालपर्यंतची जुनी उघडतात, आजची नवी उघडत नाहीत, तर नवी पाने भलत्याच जागी पडत आहेत किंवा भलत्याच खात्याच्या नावावर लिहिली जात आहेत. यंत्र बंद-चालू केल्यानंतरच सगळे गेले, तर जोडणी सुटली. बराच वेळ उघडे असलेले पान अचानक जुन्या पावतीची चूक दाखवते, तर पलीकडे कुणीतरी फोल्डर हलवले. एवढी माहिती तक्रारीसोबत वर गेली, तर वरच्या माणसाचे तास वाचतील. आज वर जाते ते फक्त ‘सर्व्हर डाऊन’. वैद्याला नुसते ‘बरं वाटत नाही’ सांगून औषध मागण्यासारखे ते आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हलका मानत नाही. आतला बिघाड बाहेर सांगितला तर चोराला वाट दाखवल्यासारखे होते. खरे आहे. म्हणून काही व्यवस्था मुद्दाम ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांची सरमिसळ करतात. गिटहब या सेवेवर तुम्हाला अधिकार नसलेला खासगी प्रकल्प मागितला तर ‘सापडला नाही’ असेच उत्तर येते, कारण तो आहे हे कळणेसुद्धा गुपित फोडण्यासारखे असते. पण सातबारा हे गुपित नाही. तो असतोच, असायलाच हवा, हे कायद्याने गृहीत धरले आहे. तिथे लपवण्याने कुणाचे संरक्षण होत नाही. शिवाय नागरिकाला फोल्डरचा मार्ग किंवा खात्याचे नाव सांगा असे कुणी म्हणत नाही. ‘तुमची नोंद आत्ता तपासता आली नाही, नोंद नाही असा याचा अर्थ नव्हे’ एवढे वाक्य कोणत्या चोराच्या उपयोगाचे? वेबच्या नियमांतही अशा अवस्थांना १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दस्तापासून तीन वेगळे क्रमांक आहेत. सापडले नाही ४०४, मनाई आहे ४०३, सेवा सध्या उपलब्ध नाही ५०३. शब्द तयार आहेत. ते खरे वापरायचे एवढेच राहिले आहे.

तिसरा आक्षेप घाईतल्या तंत्रज्ञाचा, तो आक्षेपाहून सवय अधिक आहे. सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाका, ७७७ करा, काम सुरू होईल. कधी होतेही. पण मग ज्या फोल्डरमध्ये गावाच्या फेरफारांची पाने आहेत तिथे त्या यंत्रावरचा कोणताही प्रोग्राम लिहू शकतो, पुसू शकतो. अभिलेख कक्षाचे दार सताड उघडे टाकून नक्कल लवकर मिळाली, असे समाधान मानण्यातला हा प्रकार. आणि अनेकदा तेवढ्यानेही सुटत नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर ‘एसई-लिनक्स’ नावाचा आणखी एक पहारेकरी असतो. वेब सर्व्हरने नेटवर्कवरच्या फाइली वाचाव्यात की नाही हे तो स्वतंत्रपणे ठरवतो आणि सहसा सुरुवातीला नाही म्हणतो. त्याला ती एक परवानगी देण्याची वेगळी कळ आहे. ती माहीत नसलेला माणूस पहारेकऱ्यालाच घरी पाठवतो. क्लाउडवर न्या म्हणजे प्रश्न मिटेल, असेही सुचवले जाते. क्लाउडमध्येही ॲप्लिकेशन, ओळख आणि साठा हे तीन वेगळेच राहतात. जागा बदलते, प्रश्न तोच राहतो.

आता कायद्याकडे येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यावी लागते, किंवा कारण लेखी नोंदवून अर्ज फेटाळावा लागतो. त्यावर पहिले अपील, दुसरे अपील आणि मग आयोग अशी वाट आहे. कसुरीसाठी ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. ही साखळी ज्या कडीवर उभी आहे ती म्हणजे लेखी कारण. केंद्रावरच्या पडद्यावर क्षणभर उमटून गेलेले ‘नोंद आढळली नाही’ हे लेखी कारण नाही. अर्ज कुणी फेटाळलेला नाही, कुणी सही केलेली नाही, त्यावर अपील होत नाही. कागदी दप्तराच्या काळात ‘अभिलेख गहाळ’ असे लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काय लिहितो आहोत याची धास्ती असे, कारण त्या दोन शब्दांतून चौकशी निघू शकत होती. यंत्राला धास्ती नसते. म्हणून ज्या वाक्याने माणसाचा हक्क थांबतो ते वाक्य यंत्राला एकट्याने म्हणू देऊ नये. प्रत्येक ‘आढळली नाही’सोबत वेळ, अर्ज क्रमांक आणि तळाचा चूक-क्रमांक पावतीवर छापला जावा. दिवसभरातल्या अशा उत्तरांची यादी जिल्ह्याच्या पातळीवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी माणसाने पाहावी. एका दिवसात एका तालुक्याच्या शंभर नोंदी अचानक ‘नाहीशा’ झाल्या, तर त्या नाहीशा झालेल्या नाहीत हे कोणालाही समजेल.

झरीत असो की आणखी कुठे, केंद्रावर ‘नोंद आढळली नाही’ असे सांगितले गेले तर पडद्याचा फोटो घ्या आणि वेळ टिपून ठेवा. केंद्र चालवणाऱ्याला शेजारच्या गावाची, हमखास असलेली एखादी नोंद त्याच वेळी उघडून दाखवायला सांगा. तीही उघडली नाही, तर तुमचा कागद हरवलेला नाही, यंत्राला तो दिसत नाही. ती उघडली आणि फक्त तुमचीच अडली, तरी कारण लेखी मागा. ते हातात पडेपर्यंत अर्ज मागे घेऊ नका.